पहिला, दुसरा, तिसरा : पदकतक्त्याचे गणित

२०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी या शहरात आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारताने २४ पदके मिळवली आणि पदकतक्त्यात दुसरे स्थान पटकावले. त्याआधीची स्पर्धा २०२३ च्या जुलैत थायलंडमधील बँकॉक येथे झाली होती. तेव्हा भारत तिसरा होता. म्हणजे दोन वर्षांत आपण एक पायरी वर चढलो, असे कोणीही म्हणेल. पण बँकॉकला भारताची पदके किती होती? २७. पदके तीनने कमी झाली आणि क्रमांक एकाने सुधारला. मग भारत पुढे गेला की मागे आला?

प्रश्न सोपा दिसतो, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते का देता येत नाही हे समजून घ्यायला आठवी-नववीच्या बीजगणितापेक्षा जास्त काही लागत नाही. आणि एकदा ते समजले, की आपल्या शाळेच्या मैदानावर लागणाऱ्या निकालांकडेही आपण थोडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

तक्ता कसा लावतात?

ही स्पर्धा १९७३ साली फिलिपाइन्समध्ये सुरू झाली. साधारणपणे दर दोन वर्षांनी ती भरते. भारतात ती तीनदा झाली : १९८९ मध्ये दिल्लीला, २०१३ मध्ये पुण्याला आणि २०१७ मध्ये भुवनेश्वरला. पुण्याची स्पर्धा जुलै २०१३ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तेव्हा भारताने २ सुवर्ण, ६ रौप्य आणि ९ कांस्य अशी १७ पदके मिळवली आणि तो सहावा आला. पदके सतरा असूनही क्रमांक इतका खाली का, याचे उत्तर तक्ता लावण्याच्या पद्धतीत आहे.

पद्धत अशी : आधी फक्त सुवर्णपदके मोजायची. ज्याची जास्त, तो वर. ती सारखी असतील तर रौप्य पाहायची. तीही सारखी असतील तर कांस्य. शब्दकोशात शब्द लावतात तशीच ही रीत आहे. 'कमळ' आणि 'खग' यांत कोणता शब्द आधी, हे पहिल्याच अक्षरावर ठरते. पुढची अक्षरे पाहावी लागत नाहीत. तसेच इथे सुवर्णपदकांवर निकाल लागला की रौप्य आणि कांस्य पदकांकडे कोणी पाहत नाही. एका देशाला एक सुवर्ण आणि दुसऱ्याला वीस रौप्य मिळाली, तरी पहिला देश वर राहतो.

आता गुमीचा तक्ता पाहू.

चीन : सुवर्ण १९, रौप्य ९, कांस्य ४, एकूण ३२
भारत : सुवर्ण ८, रौप्य १०, कांस्य ६, एकूण २४
जपान : सुवर्ण ५, रौप्य ११, कांस्य १२, एकूण २८

आणि हा बँकॉकचा :

जपान : सुवर्ण १६, रौप्य ११, कांस्य १०, एकूण ३७
चीन : सुवर्ण ८, रौप्य ८, कांस्य ६, एकूण २२
भारत : सुवर्ण ६, रौप्य १२, कांस्य ९, एकूण २७

एकूण पदके मोजली तर दोन्ही निकाल उलटतात. बँकॉकला भारत चीनच्या पुढे जाऊन दुसरा होतो आणि गुमीला जपानच्या मागे पडून तिसरा होतो. म्हणजे एका पद्धतीने आपण तिसऱ्याचे दुसरे झालो आणि दुसऱ्या पद्धतीने दुसऱ्याचे तिसरे! खेळाडू तेच, पदके तीच. बदलली ती फक्त मोजण्याची रीत.

गुण देऊन पाहू

कोणी म्हणेल, सुवर्ण आणि कांस्य एकाच मापाने मोजणे बरोबर नाही, आणि रौप्यपदकाकडे अजिबात न पाहणेही बरोबर नाही. मग मधला मार्ग काढू. सुवर्णाला ३, रौप्याला २ आणि कांस्याला १ गुण देऊ.

गुमी : भारत २४ + २० + ६ = ५०, जपान १५ + २२ + १२ = ४९.

फक्त एका गुणाचा फरक पडला. बँकॉकला याच पद्धतीने भारताचे ५१ आणि चीनचे ४६ गुण होतात. म्हणजे भारताचे गुण दोन स्पर्धांत ५१ वरून ५० झाले, जवळजवळ जागच्या जागी.

पण ३, २, १ हेच गुण का? ५, ३, १ का नकोत? हा प्रश्न वर्गात मुले विचारतीलच. त्यांनाच तो सोडवू द्या. कांस्याला १ गुण धरा, रौप्याला र आणि सुवर्णाला स. गुमीत भारताच्या गुणांतून जपानचे गुण वजा केले तर

(८स + १०र + ६) − (५स + ११र + १२) = ३स − र − ६

म्हणजे ३स ही संख्या र + ६ पेक्षा मोठी असेल तर भारत पुढे, लहान असेल तर जपान पुढे. बँकॉकसाठी भारत वजा चीन असे केले तर ४र + ३ − २स येते. सुवर्णाचे मोल वाढवत नेले, उदाहरणार्थ सुवर्णाला १० आणि रौप्याला ४ गुण दिले, की ही बाकी उणे होते आणि चीन पुढे जातो.

या गणितातून एक गोष्ट स्पष्ट होते. सुवर्ण रौप्याच्या किती पट मोलाचे, हे निसर्गाने ठरवलेले नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे. क्रमवारी त्या निर्णयावर अवलंबून असते. चीनसारखा देश गुमीत कोणत्याही पद्धतीने पहिलाच येतो. तिथे क्रमांक भक्कम आहे. पण भारत आणि जपान यांच्यातला क्रम पद्धत बदलली की बदलतो. तिथे 'दुसरा' या शब्दावर फार भार टाकण्यात अर्थ नाही.

शिवाय तक्ता लागला म्हणजे तो कायमचा झाला असेही नाही. भुवनेश्वरला २०१७ मध्ये भारत १२ सुवर्णपदकांसह पहिला आला होता. नंतर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीमुळे गोळाफेकीतले एक सुवर्ण रद्द झाले.

पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये किती अंतर?

आता तक्ता बाजूला ठेवू आणि एकेका शर्यतीकडे वळू. इथे क्रमांकाबरोबर आणखी एक गोष्ट नोंदलेली असते, ती म्हणजे मोजमाप : सेकंद आणि मीटर.

गुमीत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने जिंकले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. साबळेची वेळ ८ मिनिटे २०.९२ सेकंद होती, तर दुसऱ्या आलेल्या जपानच्या धावपटूची ८ मिनिटे २४.४१ सेकंद. फरक ३.४९ सेकंदांचा. साबळेचा सरासरी वेग ३००० ÷ ५००.९२ म्हणजे सेकंदाला सुमारे ६ मीटर. याचा अर्थ तो अंतिम रेषेवर पोचला तेव्हा मागचा धावपटू सुमारे २१ मीटर दूर होता.

त्याच स्पर्धेत १०० मीटर अडथळ्यांची शर्यत ज्योती याराजीने १२.९६ सेकंदांत जिंकली. दुसरी वेळ १३.०७ सेकंद होती. तेच गणित इथे केले तर अंतर येते सुमारे ८४ सेंटिमीटर. दोन्हीकडे तक्त्यात नोंद सारखीच : एक सुवर्ण, एक रौप्य. २१ मीटर आणि ८४ सेंटिमीटर यांतला फरक क्रमांकात मावत नाही.

याचे सर्वांत बोचणारे उदाहरण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधले आहे. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाची वेळ ५५.४२ सेकंद आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१ सेकंद. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे त्या वेगाला सुमारे ७ सेंटिमीटर, एका मुठीच्या रुंदीएवढे. पदकतक्त्यात चौथ्या क्रमांकाची किंमत शून्य असते, मग तो सात सेंटिमीटरने हुकलेला असो की सत्तर मीटरने. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत याच उषाने पाच सुवर्ण आणि एक कांस्य मिळवले.

सुवर्णाची वेळ आणि अकराव्या क्रमांकाची वेळ

साबळेच्या काही महत्त्वाच्या शर्यती वर्षवार मांडू.

२०१९, दोहा, आशियाई अजिंक्यपद : ८:३०.१९, दुसरा
२०२१, टोकियो ऑलिंपिक, प्राथमिक फेरी : ८:१८.१२, आपल्या हीटमध्ये सातवा
२०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा : ८:११.२०, दुसरा
२०२३, हांगझो, आशियाई क्रीडा स्पर्धा : ८:१९.५०, पहिला
जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग : ८:०९.९१, सहावा
ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, अंतिम फेरी : ८:१४.१८, अकरावा
२०२५, गुमी, आशियाई अजिंक्यपद : ८:२०.९२, पहिला

या सात शर्यती वेळेप्रमाणे लावून पाहा. सर्वांत चांगली वेळ सहाव्या क्रमांकाची आहे. दोन सुवर्णपदकांच्या वेळा यादीत पाचव्या आणि सहाव्या जागी जातात. ऑलिंपिकमध्ये अकरावा आलेला साबळे गुमीत सुवर्ण जिंकणाऱ्या साबळेपेक्षा पावणेसात सेकंद जास्त वेगवान होता.

हे एकट्या साबळेचे नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरने २०१५ मध्ये चीनमधील वुहान येथे आशियाई अजिंक्यपद जिंकले, तेव्हा तिची वेळ ९:३४.१३ होती. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ती ९:२२.७४ या वेळेत धावली आणि दहावी आली. अकरा सेकंदांहून जास्त सुधारणा झाली आणि क्रमांक मात्र पहिल्यावरून दहाव्यावर गेला.

असे का होते? पहिले कारण उघड आहे : सोबत कोण धावते आहे यावर क्रमांक ठरतो. दुसरे कारण शर्यतीच्या स्वरूपात आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुढे धावणाऱ्याला हवेचा विरोध जास्त सोसावा लागतो. मागचा त्याच्या आडोशाने थोडी शक्ती वाचवतो. डायमंड लीगसारख्या स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी वेग ठरवून देणारा वेगळा धावपटू ठेवतात, म्हणून वेळा चांगल्या येतात. अजिंक्यपद स्पर्धेत असा कोणी नसतो. तिथे वेळ किती लागला याला पदक नाही, आधी पोचण्याला आहे. साहजिकच प्रत्येक जण जपून धावतो आणि खरी शर्यत शेवटच्या फेरीत होते. तेव्हा सुवर्णाची वेळ संथ आली म्हणजे खेळाडू कमी पडला असे समजण्याचे कारण नाही. त्याला जो प्रश्न विचारला होता, त्याचे त्याने बरोबर उत्तर दिले.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

मग क्रमांक टाकाऊ आणि मोजमाप तेवढे खरे, असे म्हणायचे का? तसेही नाही. मोजमापालाही मर्यादा आहेत.

१०० मीटरच्या शर्यतीत पाठीमागून वाऱ्याचा झोत असेल तर सगळ्यांच्याच वेळा सुधारतात. म्हणून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा अनुकूल असेल तर विक्रम धरत नाहीत. पण पदके मात्र देतात, कारण वारा सर्वांना सारखाच होता. आणखी एक गमतीचे उदाहरण घ्या. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण पृथ्वीवर सगळीकडे सारखे नसते. विषुववृत्ताकडे ते थोडे कमी होते. गुमी साधारण ३६ अक्षांशावर आहे आणि आपले पवनी साधारण २१ अक्षांशावर. गणिताने त्वरण गुमीला सुमारे ९.७९८ आणि पवनीला सुमारे ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. त्यामुळे गुमीत २० मीटर जाणारा गोळा तेवढ्याच जोराने आणि त्याच कोनात पवनीत फेकला, तर तो सुमारे २ सेंटिमीटर जास्त लांब पडेल. एकाच मैदानावर, एकाच दिवशी फेकणाऱ्यांच्या क्रमांकात यामुळे काहीही बदल होणार नाही.

म्हणजे 'आज, इथे, या सर्वांत कोण पुढे?' या प्रश्नाचे उत्तर क्रमांक देतो, आणि ते चोख देतो. 'हा खेळाडू कालच्यापेक्षा किती सुधारला?' किंवा 'वेगवेगळ्या दिवशी धावलेल्या दोघांत सरस कोण?' या प्रश्नांसाठी मोजमाप लागते. हेप्टॅथलॉन या सात प्रकारांच्या स्पर्धेत तर क्रमांकाला गुणच नसतात. सेकंद आणि मीटर यांचे ठरलेल्या सूत्राने गुणांत रूपांतर करतात. म्हणून भुवनेश्वरला २०१७ मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या स्वप्ना बर्मनचे ५९४२ गुण आणि गुमीत सुवर्ण जिंकणाऱ्या नंदिनी अगसराचे ५९४१ गुण शेजारी ठेवता येतात. आठ वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन कामगिऱ्यांत एका गुणाचा फरक आहे, असे आपण म्हणू शकतो. नुसत्या 'पहिली' आणि 'पहिली' या दोन शब्दांवरून हे कळले नसते.

घोटाळा होतो तो एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवल्यावर.

पवनीच्या मैदानावर

वैनगंगेकाठचे पवनी हे भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अशा ठिकाणी शिक्षकांशी खेळांविषयी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते : आमच्याकडे पोरे पळतात चांगली, पण वर पोचत नाहीत. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक, जे आपल्या हातात आहे, ते इथे पाहू.

समजा, तालुक्याच्या १०० मीटर शर्यतीत २४ मुली आहेत. मैदानावर एका वेळी सहाच मार्गिका आखता येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकून चार हीट केल्या. प्रत्येक हीटमधली पहिली, अशा चार मुली अंतिम फेरीला घेतल्या. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. आता संभाव्यता काढू. सोयीसाठी असे धरू की प्रत्येक मुलगी नेहमी आपल्या ठरलेल्या वेगानेच धावते.

सर्वांत वेगवान मुलगी एका हीटमध्ये आहे. उरलेल्या २३ जागांपैकी ५ जागा तिच्याच हीटमध्ये आहेत. म्हणून दुसऱ्या क्रमांकाची वेगवान मुलगी तिच्याच हीटमध्ये येण्याची संभाव्यता ५/२३, म्हणजे सुमारे २२ टक्के. जवळजवळ पाचांत एकदा तालुक्यातली दुसरी उत्तम धावपटू पहिल्याच फेरीत घरी जाते! खरोखरच्या सर्वांत वेगवान चारही मुली अंतिम फेरीत येण्यासाठी त्या चार वेगळ्या हीटमध्ये पडायला हव्यात. त्याची संभाव्यता

१८/२३ × १२/२२ × ६/२१ = ०.१२

म्हणजे आठांत एकदा. उरलेल्या सात वेळा कोणाची तरी निवड चुकते, आणि यात कोणाचाही पक्षपात नसतो. ही चूक फक्त पद्धतीतून येते.

मोठ्या स्पर्धांत यावर उपाय म्हणून दोन्ही कसोट्या एकत्र करतात. टोकियोला स्टीपलचेसच्या तीन हीटमधून प्रत्येकी पहिले तीन आणि उरलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या वेळेचे सहा असे १५ जण अंतिम फेरीत गेले. तरीही पूर्ण न्याय होतोच असे नाही. साबळेने तेव्हा राष्ट्रीय विक्रम केला, पण त्याची हीट वेगवान होती आणि तो बाहेर पडला. तिसऱ्या हीटमधून पहिले तीन म्हणून पुढे गेलेल्यांची वेळ त्याच्यापेक्षा जास्त होती. पण आपल्या तालुक्याच्या मैदानावर 'हीटमधली पहिली' याऐवजी 'हीटमधली पहिली आणि शिवाय उरलेल्यांत चांगल्या वेळेच्या दोघी' एवढा बदल केला, तरी निवडीतला दोष बराच कमी होईल.

त्यासाठी वेळ मोजता आली पाहिजे. स्टॉपवॉच आता साध्या मोबाइल फोनमध्येही असते. काळजी मात्र घ्यावी लागते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. सुरुवातीच्या रेषेवर वाजलेली शिट्टी १०० मीटरवर उभ्या असलेल्या शिक्षकाला ०.२९ सेकंद उशिरा ऐकू येते. शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केले तर मुलीची वेळ तेवढी कमी भरेल. १५ सेकंदांत १०० मीटर धावणाऱ्या मुलीसाठी ही जवळजवळ २ मीटरची चूक झाली. म्हणून सुरुवातीची खूण डोळ्यांना दिसेल अशी द्यावी : रुमाल झटकन खाली आणावा किंवा दोन फळ्यांचा क्लॅपर उंच धरून मिटवावा. शक्य तर तीन घड्याळे लावावीत आणि मधली वेळ धरावी. हाताने मोजलेली वेळ दहाव्या भागापर्यंतच लिहावी. शंभरावा भाग फोनवर दिसतो, पण आपले बोट तेवढे अचूक नसते.

वर्गात करण्यासाठी

१. गुमी आणि बँकॉकचे तक्ते मुलांना द्या. प्रत्येक गटाला आपल्या मताने पदकांचे गुण ठरवू द्या आणि क्रमवारी लावू द्या. कोणत्या गुणांना भारत दुसरा येतो आणि कोणत्या गुणांना तिसरा, याचा आलेख र आणि स हे अक्ष घेऊन काढा.

२. साबळेच्या सात शर्यतींचे दोन आलेख काढा : एक वर्षानुसार वेळेचा, दुसरा वर्षानुसार क्रमांकाचा. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना त्यांवर बोलू द्या.

३. २४ चिठ्ठ्यांवर १ ते २४ आकडे लिहा. न पाहता सहा-सहाचे चार ढीग करा आणि १, २, ३, ४ हे आकडे वेगवेगळ्या ढिगांत पडले का, ते नोंदवा. पन्नास वेळा केल्यावर वर काढलेल्या ०.१२ शी ताडून पाहा.

४. शाळेत प्रत्येक मुलाची १०० मीटरची वेळ जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत घेऊन एका वहीत लिहा. क्रमांकाचा रकाना ठेवा, पण त्याशेजारी 'मागच्या वेळेपेक्षा फरक' असा एक रकाना असू द्या.

ही चौथी गोष्ट खेळाच्या शिक्षकांनीच करावी असे नाही. जूनमध्ये १८.४ सेकंद घेणारी मुलगी फेब्रुवारीत १६.९ सेकंदांवर आली आणि तरी हीटमध्ये पाचवीच राहिली, तर स्पर्धेच्या निकालपत्रात तिचे नाव येणार नाही. दीड सेकंदाची तिची कमाई वहीतल्या त्या शेवटच्या रकान्यातच दिसेल, आणि पुढच्या वर्षी कोणाकडे लक्ष द्यायचे हेही तिथेच कळेल.